मदत हवी आहे: बर्नार्ड ८४४ मध्ये मेला की नाही? (तातडीचं)

रानजाई
नमस्कार मंडळी. शनिवारी वर्गात दहा मिनिटं बोलायचंय आणि वंशावळीच्या तक्त्यावर दोन रात्री अडकलेय. बर्नार्डला ८४४ मध्ये राजाने मारलं असं सगळीकडे दिलंय. मग ८६४ मध्ये हाच गृहस्थ रानात दबा धरून कसा बसतो? ८७८ मध्ये त्याला नवा मुलूख कसा मिळतो? एवढंच सांगा, मेला कधी? "गूगल कर" म्हणू नका, तेच करून ही वेळ आलीय.

शेरूचा_बाबा
सेंट बर्नार्ड ना? तो मेंथॉनचा. आल्प्सच्या खिंडीत वाटसरूंसाठी धर्मशाळा काढली, कुत्र्यांना नाव त्याच्यावरूनच पडलं. पण ताई, पाळायचा विचार असेल तर आधीच सांगतो, आपल्या उन्हाळ्यात नको. लाळ वेगळीच.

तिरपागडा
कोणता बर्नार्ड? कुठला? राजा कोण? पत्रिका बघायची तर जन्मवेळ तरी द्या. शार्लमेनचा नातू, इटलीचा राजा बर्नार्ड असेल तर ८१८. काकाने डोळे काढले, त्यातच गेला.

रानजाई
अहो, तो नाही. बार्सिलोनाचा काउंट, म्हणजे तिथला सुभेदारासारखा सरदार! मला वाटलं ८४४ म्हटल्यावर कळेल.

बखरवाला
आता कळलं. सेप्टिमानियाचा, म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या मुलखाचा बर्नार्ड. ताई, तुम्ही बाप आणि मुलगा एकाच चौकटीत कोंबलेत.

बाप बर्नार्ड म्हणजे जेलोनच्या विल्यमचा मुलगा. हा विल्यम तूलूझचा काउंट, ८०१ मध्ये बार्सिलोना जिंकणाऱ्या फौजेत होता, पुढे जेलोनला मठ बांधून स्वतःच साधू झाला. बर्नार्ड ८२६ पासून बार्सिलोनाचा काउंट. दुसऱ्याच वर्षी कोर्दोबाच्या सैन्यापुढे शहर टिकवलं. ८२९ मध्ये बादशहा लुईने त्याला आखेनच्या दरबारात बोलावून खासगीचा कारभारी केलं आणि तिथून घराण्याची साडेसाती सुरू झाली. ८३० च्या बंडात भाऊ हेरिबर्टचे डोळे काढले. ८३४ मध्ये लुईच्या थोरल्या मुलाने, लोथारने, दुसऱ्या भावाचं, गोसेल्मचं डोकं उडवलं आणि जोगीण झालेल्या बहिणीला, गेरबर्गाला, चेटकीण ठरवून पिंपात घालून सोन नदीत बुडवलं. खुद्द बर्नार्डला ८४४ मध्ये लुईच्या धाकट्या मुलाने, राजा टकल्या चार्ल्सने, राजद्रोहाखाली मारलं.

८६४ वाला त्याचा मुलगा. इतिवृत्तात त्याला "दिवंगत जुलमी बर्नार्डचा मुलगा" असंच म्हटलंय. राजाची रजा घेऊन निघाला, रात्री परत फिरला आणि रानात दडला. काहींच्या मते बापाला मारणाऱ्या राजाला मारायला, काहींच्या मते रॉबर्ट आणि रामनुल्फ या काउंटांना. पकडायला माणसं आली तेव्हा पसार.

दरबारी_गप्पा
मुख्य गोष्ट राहिलीच की! लुईची राणी ज्युडिथ आणि बर्नार्ड यांचं प्रकरण. टकल्या चार्ल्स हा लुईचा नव्हेच, बर्नार्डचा. म्हणजे ८४४ मध्ये पोराने बापाला मारलं. तक्त्यात तुटक रेघ तरी टाका.

बखरवाला
उगाच काहीही. चार्ल्स जन्मला १३ जून ८२३ ला, फ्रँकफुर्टला. बर्नार्ड कारभारी झाला तेव्हा पोर सहा वर्षांचं.

दरबारी_गप्पा
पण बर्नार्डचं लग्नच आखेनच्या राजवाड्यात झालं ना? म्हणजे ये-जा होतीच. आग असल्याशिवाय धूर निघत नाही.

बखरवाला
लग्न २९ जून ८२४ चं. पोर वर्षाचं झाल्यावर. ८३१ मध्ये राणीने शपथेवर आरोप नाकारला. त्याच वर्षी बर्नार्डने थियोनव्हिलला भर सभेत आव्हान दिलं, आरोप करणाऱ्याने द्वंद्वाला पुढे यावं. कोणी आलं नाही. शेवटी त्यानेही शपथ घेतली. तुमचा धूर विरोधकांनी सोडलेला आहे.

मूळपुरुष
सगळे वरवरचं बोलताय. जेलोनच्या विल्यमचा बाप थिओडोरिक हा मुळात नारबोनचा ज्यू राजा माखिर. हे घराणं थेट दाविदाच्या वंशातलं.

तिरपागडा
झालं, आला माखिर. काका, ८०४ च्या मठाच्या दानपत्रात विल्यम स्वतः बापाचं नाव थिओडोरिक आणि आईचं आल्दाना सांगतो. अस्सल फ्रँक नावं. माखिरचा धागा वेगळा काढा, तिथे भांडू.

रानजाई
वाद नंतर घाला हो. बखरवाला, मुलगाच असेल तर एक अडचण आहे. मला बोलायचंय ते त्याच्या आईच्या पुस्तकावर, त्यात तर त्याचं नाव नाहीच! थोरला विल्यम पानोपानी, धाकट्याचा नुसता "तुझा भाऊ". म्हणून मी तो लहानपणीच वारला असं धरलं होतं.

तिरपागडा
हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं ना बाई! बर्नार्डच्या बायकोचं, धुओदाचं पुस्तक म्हटलं असतं तर कुत्र्यांपर्यंत गेलो नसतो.

ओसरी
एरवी नुसती वाचत असते, पण इथे राहवलं नाही. नाव नाही कारण तिला ते माहीतच नव्हतं.

धाकटा दक्षिण फ्रान्समधल्या युझेसला जन्मला, २२ मार्च ८४१. बारसं, म्हणजे त्यांच्या रीतीने बाप्तिस्मा, व्हायच्या आधीच बर्नार्डने त्याला युझेसच्या बिशपाबरोबर आक्विटेनला मागवून घेतलं. त्याच जूनमध्ये लोथार आणि चार्ल्स या भावांत फोंतनॉयची लढाई झाली. बर्नार्ड लांबून मजा बघत राहिला, आणि चार्ल्स जिंकल्यावर चौदा वर्षांच्या विल्यमला त्याच्याकडे पाठवून दिलं, निष्ठेची हमी म्हणून. दोन्ही मुलं आईपासून दुरावली. ही एकटी युझेसला, नवऱ्याचा कारभार चालवत, त्यासाठी ख्रिस्ती आणि ज्यू सावकारांकडून कर्ज काढत. ३० नोव्हेंबर ८४१ ला तिने थोरल्यासाठी पुस्तक लिहायला घेतलं, २ फेब्रुवारी ८४३ ला संपवलं. त्यात ती त्याला सांगते की धाकट्याचं नाव कळेल तेव्हा त्यालाही हे वाचून दाखव, शिकव.

सासरच्या मेलेल्यांची यादीही देते, त्यांच्यासाठी प्रार्थना कर म्हणून. बुडवलेली नणंद आणि डोकं उडवलेला दीर त्यात आहेत. कसे मेले याचा एक शब्द नाही.

रानजाई
बाप रे. मग विल्यमने वाचून दाखवलं असेल?

बखरवाला
वेळ कुठे होता? बाप मारला गेल्यावर तो बंडात उतरला, ८४८ मध्ये बार्सिलोना घेतलं, ८५० मध्ये तिथेच मारला गेला. वय तेवीस.

धाकटा मात्र चिवट निघाला. बहुतेक अभ्यासक त्याला बर्नार्ड प्लांटापिलोसा मानतात, म्हणजे केसाळ पावलांचा. ८७८ चं कोडंही इथे सुटतं. त्या वर्षी गोथियाच्या बर्नार्डला (हा आणखी वेगळा, मिसळू नका) राजाने पदावरून काढलं आणि त्याच्या मुलखातला वाटा याला मिळाला. याचा मुलगा विल्यम, क्लूनीचा मठ स्थापणारा. फ्रँकांत आडनाव नव्हतं, घराण्यातली चार-पाच नावं फिरवत राहायची. आमच्याकडे दर दुसऱ्या पिढीत विष्णू, त्यातलीच गत.

मूळपुरुष
विल्यम हे नाव कुठून आलं यावरही विचार करा. माखिर…

तिरपागडा
काका, वेगळा धागा.

रानजाई
सगळ्यांचे आभार, दरबारी_गप्पांचेसुद्धा (तुटक रेघ टाकणार नाही). तक्ता झाला. धाकट्याच्या चौकटीत फक्त जन्मतारीख ठेवलीय, नाव तोंडाने सांगेन.

शेरूचा_बाबा
सगळं नीट वाचलं. पण मग मेंथॉनचा बर्नार्ड यांचा कोण?

बखरवाला
कोणी नाही.