जुन्या गाडीची दुसरी चावी आणि रिमोट – मदत हवी आहे (जरा घाईत)

उलटासुलटा
मंडळी, गाडीची दुसरी चावी करून घ्यायची आहे, रिमोटसकट. चावीवाल्याकडून एक कापून आणली. दार उघडतं, आतही फिरते, डॅशबोर्डचे दिवे लागतात, पण इंजिन सुरू होत नाही. चावीवाला म्हणतो "माझं काम चावी कापायचं, ती बरोबर कापली आहे." रिमोट ऑनलाइन मागवला, तो अगदी मुका. शनिवारी सकाळी गाडी बायकोकडे द्यायची आहे, त्याआधी दुसरी चावी हातात हवी. "शोरूमला जा" हे सोडून काहीही सांगा.

निवांत
बॅटरी बदलून पाहिलीत का?

उलटासुलटा
बॅटरी नवीच आहे. जुन्या चावीने पहिल्या झटक्यात सुरू होते गाडी.

निवांत
अहो गाडीची नव्हे, रिमोटची.

कडीकुलूप
गाडी कुठली? साल कुठलं? चालणाऱ्या चाव्या एकूण किती आहेत? जुन्या चावीवर बटणं आहेत का, आणि ती चालतात का? एवढं कळल्याशिवाय कोणी काही सांगितलं तर ते अंदाजपंचे असेल.

उलटासुलटा
जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे हो. मॉडेलचा काय संबंध? चावी ती चावी. चिपबिप असलं काही नसेल, तेव्हाच्या गाड्यांत कुठे होतं ते.

कडीकुलूप
तेव्हाच्या म्हणजे कधीच्या? युरोपीय संघात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर, म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचा झाला. त्यामुळे नव्वदीच्या अखेरीनंतरची गाडी असेल तर चिप असण्याचीच शक्यता जास्त.

घरबसल्या खात्री करता येईल. जुन्या चावीचं प्लास्टिकचं डोकं स्वयंपाकघरातल्या अल्युमिनियम फॉइलमध्ये दोन-तीन पदरी घट्ट गुंडाळा, फक्त पातं बाहेर ठेवा. नवी चावी लांब ठेवा. आता गाडी सुरू करून बघा. नाही झाली, तर चिप आहे. फॉइल काढलं की पुन्हा पहिल्यासारखी सुरू होईल, घाबरू नका.

तिरकस
फॉइल गुंडाळा, लिंबू-मिरची पण बांधा.

उलटासुलटा
केलं. नाही झाली सुरू. फॉइल काढल्यावर झाली. डॅशबोर्डवर एक लाल ठिपका भराभर लुकलुकत होता, नवी चावी लावल्यावरही तो तसाच लुकलुकतो. आता पुढे काय ते सांगा.

गाडी फोर्ड फोकस, २००३. चावी एकच. सेकंडहँड घेतली तेव्हा एकच मिळाली होती, मूळ मालक म्हणाला दुसरी कधीतरी हरवली. जुन्या चावीवर तीन बटणं आहेत, पण आता जोरात दाबली तरच कधीतरी चालतात.

कडीकुलूप
हे पहिल्या पोस्टमध्ये आलं असतं तर एवढ्यात काम मार्गी लागलं असतं. असो.

तुमच्या चावीत तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्ही आपापलं काम स्वतंत्रपणे करतात.

पातं: ते कुलूप फिरवतं, बाकी काही नाही. तुमचा चावीवाला खोटं बोलत नाहीये, त्याने त्याचा भाग केला.

चिप: हिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, चावी फिरवली की त्याच्यातून चिपला ताकद मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ओळख पटली नाही की इंजिन बंद. तो लाल ठिपका "ही चावी माझी नाही" असं म्हणतोय.

रिमोट: याला बॅटरी लागते, हा फक्त दारं उघडतो-लावतो. इंजिनाशी याचं काही देणंघेणं नाही. तुमच्या चावीचा बटणांचा भाग पात्याच्या भागापासून बारीक स्क्रू-ड्रायव्हरने सुटा होतो. चिप पात्याच्या बाजूला राहते, बटणांच्या बाजूला नाही. म्हणून नुसता रिमोट आणून गाडी सुरू होणार नाही, आणि चिपवाली चावी आणून दारं बटणावर उघडणार नाहीत.

निवांत
तरी रिमोटची बॅटरी बदलाच. सीआर२०३२ असते. मूळ रिमोट "जोरात दाबली तर चालतो" याचा अर्थ एकतर सेल मेलाय किंवा बटणाखालचा मायक्रोस्विच झिजलाय. माझ्या रिमोटचा स्विच मी डाग देऊन बदलला, अजून मस्त चालतो. नवा रिमोट कशाला?

उलटासुलटा
सेल बदलला. फरक नाही. आणि मला दोन हवेत, एक दुरुस्त करून काय करू?

जुनाट
सोपा उपाय सांगतो, कोणी सांगत नाही म्हणून. चिप क्लोन करून घ्या. तुमच्या गाडीत टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची ४० बिटांची चिप असणार. हिची गुप्तलिपी २००५ सालीच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी फोडून दाखवली होती. आता चावीवाल्यांच्या टेबलावरच्या यंत्रात मूळ चावी धरली की तिची हुबेहूब नक्कल नव्या चिपवर उतरते. गाडीला हातसुद्धा लावावा लागत नाही. मी असंच केलं, काही अडचण नाही.

कडीकुलूप
क्लोन चालतो, नाही म्हणत नाही. पण गाडीला ती दुसरी चावी वाटतच नाही, तीच चावी वाटते. फोर्डच्या या पिढीत दोन वेगळ्या नोंदलेल्या चाव्या असतील तर तिसरी स्वतःच शिकवता येते, कुठलंही यंत्र न लावता, एकूण आठपर्यंत. क्लोन धरून तुमच्याकडे कायम एकच चावी राहणार. पुढच्या वेळी पुन्हा यंत्रवाल्याच्या दारात.

आणि मूळ मालकाची "कधीतरी हरवलेली" चावी? ती अजून गाडीच्या मेमरीत जिवंत आहे. ती ज्याने उचलली असेल त्याच्या हातात तुमची गाडी सुरू होते.

जुनाट
वीस वर्षांच्या फोकसला कोण चोरणार आहे साहेब.

कडीकुलूप
जुन्याच गाड्या सुट्या भागांसाठी जातात साहेब.

मी_आपली
मला एक सांगावंसं वाटतं. चावी घरी दाराजवळ ठेवू नका. चोर दोन यंत्रं घेऊन येतात, एक घराच्या भिंतीशी धरतात, दुसरं गाडीशी, आणि गाडीला वाटतं चावी जवळच आहे. त्यासाठी जाळीच्या अस्तराची पिशवी मिळते, आम्ही तीच वापरतो. चावी पिशवीत घालून गाडीचं हँडल ओढून बघा, उघडली तर पिशवी बोगस.

कडीकुलूप
ताई, सल्ला चांगला आहे, पण तो बटण दाबून सुरू होणाऱ्या, चावी खिशात ठेवायच्या गाड्यांसाठी. या गाडीत चावी कुलपात घालूनच फिरवावी लागते. ते वेटोळं चार बोटांच्या पलीकडचं ऐकत नाही.

मी_आपली
बरं. कोणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहिलं.

तिरकस
एवढी भानगड कशाला? मूळ चिप काढा, स्टेअरिंगखाली त्या वेटोळ्याला टेपने चिकटवा. मग कुठलीही साधी कापलेली चावी चालेल. शनिवारच्या आत काम फत्ते.

कडीकुलूप
आणि इमोबिलायझर कायमचा निकामी. पातं कापता येणाऱ्या कोणालाही गाडी खुली. विमेवाल्याला कळलं तर दाव्याच्या वेळी काय होईल त्याचा विचार करा. शिवाय यांच्याकडे चिप एकच. काढताना चिरली की आहे ती गाडीही उभी.

उलटासुलटा
भांडणं नंतर करा. मी नक्की काय करू? आणि रिमोट का चालत नाही ते कोणीच सांगितलं नाही.

निवांत
रिमोटच्या मागे किंवा आतल्या पाटीवर आकडा आहे का? ३१५ की ४३३?

उलटासुलटा
३१५ असं काहीतरी आहे. विक्रेत्याने "फोकससाठी" असंच लिहिलं होतं.

निवांत
मग तो जन्मात चालणार नाही. ३१५ मेगाहर्ट्झ अमेरिका-जपानकडच्या गाड्यांना. युरोपीय बनावटीच्या गाडीला ४३३.९२ लागतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. परत पाठवा आणि मागवताना मूळ रिमोट उघडून त्याच्या पाटीवरचा भाग क्रमांक जुळवा, फोटो जुळवू नका.

कडीकुलूप
निवांत म्हणतात ते बरोबर. आता शनिवारपर्यंतचा बेत.

फिरत्या, गाडीपाशी येऊन काम करणाऱ्या चावीवाल्याला बोलवा. फोनवरच विचारा: २००३ ची फोकस, टिब्बे पातं, चालू चावी एक, दोन नव्या हव्यात, रिमोटसकट, जमेल का? टिब्बे शब्दावर गडबडला तर दुसरा शोधा. हे पातं चपटं नसतं, गोल दांडीवर कोनात कापलेली खोबणं असतात. सहा जागा, प्रत्येक जागेला चार खोल्या. त्याला सांगा, जुन्या चावीवरून नक्कल उतरवू नकोस, ती झिजली असेल तर नवीही झिजलेलीच निघेल. खोबणी मोजून जवळच्या मूळ खोलीला धरून काप.

तो गाडीच्या ओबीडी सॉकेटला (गाडीचा संगणक तपासायची जोडणी) यंत्र लावेल. गाडी एक संकेतांक देते, यंत्र त्यावरून उलट संकेतांक काढतं आणि गाडीच्या मेमरीचं दार उघडतं. मग जुन्या सगळ्या चाव्या पुसून हातातल्या नव्याने नोंदल्या जातात. बऱ्याच फोर्डमध्ये पुसल्यावर किमान दोन नोंदल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, त्यामुळे तो पुसायच्या आधी दोन चिपा हातात आहेत ना ते बघा. काम चालू असताना गाडीची बॅटरी पडता कामा नये, चार्जर जोडलेला असू द्या. हरवलेली चावी आपोआप बाद होते. दार उघडेल तिने, गाडी सुरू होणार नाही.

तुमची कापून आणलेली साधी चावी टाकू नका. गाडीत चावी अडकून दार लागलं तर तीच उपयोगी.

जुनाट
आणि एवढ्याला क्लोनच्या किती पट मोजावे लागतील तेही सांगा की.

कडीकुलूप
जास्त लागतील. हरवलेली चावी बाद करायचे पैसे समजा.

धाकटी_पाती
धागा वाचतेय. माझ्या मामांकडे नव्वदीतली फोर्ड होती, तिला लाल डोक्याची मास्टर चावी होती. मामांनी ती "जपून" ठेवली आणि घर बदलताना गेली. तीच नसेल तर नव्या चाव्या शिकवता येत नव्हत्या. ज्यांच्याकडे तशी गाडी आहे त्यांनी लाल चावी रोज वापरू नये, पण कुठे ठेवली हे घरात दोघांना माहीत असावं.

तिरकस
आमच्या घरात दोघांना माहीत असलं की तिसऱ्याने हलवलेलं असतं.

निवांत
अवांतर: पहिल्या पिढीच्या, म्हणजे तुमच्या फोकसचं बॉनेट आतल्या खटक्याने उघडत नाही, पुढच्या निळ्या फोर्डच्या बिल्ल्यामागे कुलूप आहे, त्यातही हीच चावी लागते. पावसापाण्याने ते कुलूप जाम होतं. नवी चावी पहिल्यांदा तिथे घालून जोर लावू नका, मोडेल. धागाकर्ते, शेवटचं बॉनेट कधी उघडलं होतं?

उलटासुलटा
बॉनेट सर्व्हिसवाले उघडतात, मी कशाला उघडू.

(दोन दिवसांनी)

उलटासुलटा
झालं काम. एक बाई आल्या होत्या लॅपटॉप घेऊन. आल्या आल्या पहिला प्रश्न: चावी किती, बाकीच्या कुठे? मग स्टेअरिंगखालचं झाकण काढून सॉकेटला तार लावली. बराच वेळ पडद्यावर थांबा असंच लिहून येत होतं, म्हणाल्या यंत्राला गाडी थांबवून ठेवते, घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर एकामागून एक तीन चाव्या घातल्या, दर वेळी लाल ठिपका काही सेकंद लागून विझला. आता जुनी धरून तीन चाव्या आहेत. मूळ मालकाची मेली.

रिमोट दोन नवे, ४३३ वाले. बाईंनी ते मलाच शिकवायला लावले: चावी पहिल्या खुणेवरून दुसऱ्या खुणेवर सहा सेकंदांत चारदा फिरवली, बंद केली, गाडीतून टुण्ण वाजलं, मग रिमोटचं एक बटण दाबलं, पुन्हा टुण्ण. दुसऱ्या रिमोटचंही लगेच तसंच. पण आता जुन्या रिमोटने दारं उघडेनाशी झाली! आधी निदान जोरात दाबून तरी उघडत होती.

कडीकुलूप
शिकवताना जुना हातात घेतला नसेल. या गाडीत नवी नोंद सुरू केली की आधीचे रिमोट पुसले जातात, त्यामुळे सगळे एकाच बैठकीत घ्यावे लागतात. चार रिमोट बसतात. पुन्हा तेच करा, तिन्ही समोर ठेवून. यंत्र लागत नाही, फुकट आहे.

निवांत
आणि जुन्याचा स्विच मी सांगितलेला बदला. मी म्हटलं होतं.

उलटासुलटा
तिन्ही झाले. जुन्याचं डिकीचं बटण अजून हट्टी आहे, ते बघू नंतर.

बॉनेटच्या कुलपात नवी चावी अर्धीच जाते. जुनीही तशीच. आता काय?

निवांत
कचरा बसलाय. भोकात पातळ तेलाचा फवारा मारा, थोडा वेळ जाऊ द्या, चावी आत-बाहेर करा, फिरवू नका. पूर्ण आत गेली की हाताने बॉनेट किंचित दाबून आधी एका बाजूला फिरवा, मग बॉनेट जरा उचलून दुसऱ्या बाजूला पूर्ण. तोपर्यंत पक्कड अजिबात नको.

तिरकस
तेल नको, ग्रॅफाइटची पूड. तेलावर धूळ चिकटते.

निवांत
आधीच जाम झालेल्या कुलपात पूड घालून काय होणार? आधी तेलाने धुवा, सुकलं की पूड घाला.