२५० ओहमच्या हेडफोनला आवाज पुरत नाहीये, आणि अ‍ॅम्प म्हणून इथे जे मिळतंय ते एवढंच आहे

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस पैसे साठवून शेवटी बेयरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो घेतला, २५० ओहमवाला, वापरलेला आहे पण पॅड वगैरे एकदम नीट आहेत. आता अडचण अशी की फोनला यूएसबी-सी डोंगल लावून ऐकतो तर आवाज पूर्ण वाढवूनसुद्धा पंखा चालू असला की गाणं मागे राहतं. लॅपटॉपच्या जॅकला लावला तर आवाज जरा बरा येतो पण मागे सतत बारीक किरकिर, माउस हलवला की तीही बदलते, आणि शास्त्रीय गायन ऐकताना सुरुवातीचा नुसता तानपुरा चालू असतो तेव्हा ती किरकिर इतकी खुपते की ऐकणं बंद करावंसं वाटतं.

शोधाशोध केली, माझ्या आवाक्यात तीनच गोष्टी आहेत. एक गेमिंगवालं यूएसबी साउंड कार्ड, खोक्यावर ७.१ मोठ्या अक्षरात लिहिलंय पण पॉवर किती ते कुठेच नाही. दुसरा तो स्टुडिओत चार जणांनी एकत्र ऐकायला वापरतात तसला छोटा चार आउटपुटचा हेडफोन अ‍ॅम्प, वाद्यांच्या दुकानात असतो तो. तिसरं म्हणजे घरातलाच जुना स्टिरिओ अ‍ॅम्प, त्याला पुढे जाड हेडफोन पिनचं भोक आहे. लोक ज्यांची नावं घेतात ते सगळे अ‍ॅम्प बाहेरून मागवावे लागतात, वर ड्युटी आणि कुरियर धरलं तर अ‍ॅम्प हेडफोनपेक्षा महाग पडतो. आणि सगळीकडे वाचतोय की २५० ओहम म्हणजे तगडा अ‍ॅम्प पाहिजेच, नाहीतर हेडफोन "उघडत" नाही. खरंच का? रात्री झोपताना मी मल्टी ड्रायव्हर इअरफोन (एका कानात एकापेक्षा जास्त छोटे स्पीकर असलेला) पण वापरतो, तोही त्याच अ‍ॅम्पवर चालला तर उत्तम. काय करू सांगा.

जुनीतार

घाई करू नका, आधी पाच मिनिटं हिशोब करू, कारण या हिशोबाशिवाय जो अ‍ॅम्प घ्याल तो अंदाजपंचेच असेल.

तुमच्या हेडफोनची सेन्सिटिव्हिटी कंपनी ९६ डीबी प्रति मिलीवॉट देते. म्हणजे १ मिलीवॉट दिला की ९६ डीबी. आता गाण्यातली सगळ्यात जोरात जागा, एखादी तबल्याची थाप समजा, ११० डीबीला पोचली तर कुणालाही भरपूर होते, बाकी गाणं त्याच्या १५-२० डीबी खाली चाललेलं असतं. ९६ वरून ११० म्हणजे १४ डीबी जास्त, पॉवरमध्ये साधारण २५ पट, म्हणजे २५ मिलीवॉट. बस्स एवढंच. २५० ओहममध्ये २५ मिलीवॉट जायला व्होल्टेज लागतं २.५ आणि करंट फक्त १० मिलीअँपिअर. त्यामुळे "तगडा" हा शब्द डोक्यातून काढून टाका. तुमच्या हेडफोनला ताकद नाही लागत, व्होल्टेज लागतं.

उलटं उदाहरण बघा म्हणजे पटेल. ३२ ओहमचा पण ९१ डीबीचा प्लेनर (सपाट पडद्याचा) हेडफोन घ्या. ओहम कमी म्हणून लोक म्हणतात सोपा आहे, फोनवर चालेल. त्याला त्याच ११० डीबीसाठी जवळपास ८० मिलीवॉट लागतात, व्होल्टेज १.६ च्या आसपास पण करंट ५० मिलीअँपिअर, म्हणजे तुमच्या पाचपट. नुसते ओहम बघून काहीच कळत नाही, ओहम आणि सेन्सिटिव्हिटी दोन्ही बघायला लागतात. त्यात काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी प्रति मिलीवॉट देतात आणि काही प्रति व्होल्ट, ते आकडे सरळ एकमेकांशी ताडून बघितले की हमखास गल्लत होते, तेवढं तपासून घ्या.

आता तुमचा डोंगल. बरेच साधे डोंगल १ व्होल्टच्या आसपास देतात, अ‍ॅपलचा यूएसबी-सीवाला तेवढाच देतो, फक्त युरोपात विकला जाणारा निम्मा देतो. १ व्होल्ट तुमच्या हेडफोनवर म्हणजे ४ मिलीवॉट, म्हणजे १०२ डीबीचे पीक (सगळ्यात जोरातल्या जागा). हे काही कमी नाही हो! पंख्याच्या आवाजात गाणं बुडतंय म्हणताय म्हणजे तुमच्या डोंगलमधून १ व्होल्ट बाहेरच पडत नाहीये अशी मला दाट शंका आहे. काही डोंगलच्या आत स्वतःचा वेगळा व्हॉल्यूम असतो आणि काही अँड्रॉइड फोन तो पूर्ण वर नेतच नाहीत, स्क्रीनवरची पट्टी शंभरला असली तरी.

घरात मल्टिमीटर आहे का? असला तर ५० हर्ट्झचा साधा साइन टोन फुल लेव्हलचा फाइल करून वाजवा, व्हॉल्यूम पूर्ण, हेडफोन काढून ठेवा (हे विसरू नका), आणि पिनच्या टोकाचा आणि मागच्या ग्राउंडचा एसी व्होल्टेज मोजा. फोनवर एकदा आणि तोच डोंगल लॅपटॉपला लावून एकदा. आकडे इथे टाका मग बोलू.

सोल्डरवाला

वरचा हिशोब बरोबर आहे. मी त्या तीन पर्यायांवर बोलतो, कारण हे तिन्ही मी कधी ना कधी वापरलेत.

जुना स्टिरिओ अ‍ॅम्प फुकटात आहे म्हणून आधी तोच लावून बघा असं मी म्हणेन, पण फक्त डीटी ९९० साठी. जुन्या अ‍ॅम्पमध्ये हेडफोनसाठी वेगळं सर्किट बहुतेक नसायचंच, स्पीकरच्या आउटपुटलाच एक मोठा रेझिस्टर मालिकेत लावून तो जॅकला दिलेला असायचा, २२० ते ४७० ओहम असा काहीतरी. त्यामुळे व्होल्टेज भरपूर मिळतं आणि २५० ओहमचा हेडफोन मजेत वाजतो, वर रेझिस्टरमुळे अ‍ॅम्पचा हिस पण दबतो. बेस किंचित फुगेल, कारण हेडफोनचा इम्पिडन्स (ओहममध्ये मोजतात तो विजेला होणारा अडथळा) बेसच्या एका पट्ट्यात वाढतो आणि तिथे त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतं. काहींना ते आवडतं, मला आवडतं.

पण रात्रीचे इअरफोन त्याला अजिबात लावू नका. मल्टी ड्रायव्हर इअरफोनचा इम्पिडन्स एका फ्रिक्वेन्सीला ८ ओहम तर दुसरीकडे ४० असा वरखाली असू शकतो, समोर ३३० ओहमचा रेझिस्टर असला की प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा भाग मिळतो आणि आवाजाचा पोतच बदलून जातो, कंपनीने जो सूर लावून दिलेला असतो तो राहत नाही. म्हणून तो नियम सांगतात की अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स (त्याचा स्वतःचा आतला अडथळा) हेडफोनच्या एक अष्टमांशाच्या आत असावा. १६ ओहमच्या इअरफोनला २ ओहमच्या आत. प्लेनरला हा त्रास होत नाही, त्याचा इम्पिडन्स सगळीकडे जवळपास सपाट असतो, त्याचा नुसता आवाज कमी होतो.

चार आउटपुटवाला घ्यायचा मोह टाळा असं माझं स्पष्ट मत आहे. वाईट वस्तू नाही ती, पण रेकॉर्डिंगच्या वेळी चार जणांना क्लिक ट्रॅक (तालाची टिकटिक) ऐकू यावा यासाठी ती बनवलेली असते, शांतता आणि कमी आउटपुट इम्पिडन्स यांच्यासाठी नाही. आणि मुख्य म्हणजे तो अ‍ॅम्प लॅपटॉपच्या जॅकला लावणार म्हणजे ती किरकिर पण मोठी करून ऐकणार. तुमची किरकिर लॅपटॉपच्या आतल्या बोर्डावर तयार होतेय, ती घालवायची तर डिजिटलचं अ‍ॅनालॉग लॅपटॉपच्या बाहेर व्हायला हवं.

गेमिंग कार्डावर पॉवरचा आकडा नाही म्हणताय, मग नकोच. ज्याला सांगण्यासारखा आकडा असतो तो खोक्यावर छापतोच.

एक चौथा पर्याय आहे जो तुम्ही मोजलाच नाही. सोल्डरिंग येत असेल तर ओटू अ‍ॅम्प. एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या माणसाने २०११ मध्ये त्याचं सगळं डिझाइन, सर्किट, पार्टची यादी, मोजमापं, उघड करून ठेवली. आउटपुट इम्पिडन्स अर्ध्या ओहमच्या आसपास, म्हणजे इअरफोन पण चालतील, आणि व्होल्टेज तुमच्या गरजेच्या दुपटीपेक्षा जास्त. अडथळा असा की एसी देणारा अ‍ॅडॉप्टर लागतो, हल्ली सगळे डीसीवाले असतात, तो शोधायला लागेल. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरही चालतो. पहिल्यांदाच सोल्डरिंग करत असाल तर मात्र त्याच्याआधी एखादं सोपं किट करा, आणि जो काही अ‍ॅम्प हाताने बनवाल त्याच्या आउटपुटला डीसी व्होल्टेज किती आहे ते मोजल्याशिवाय चांगला हेडफोन लावायचा नाही. हे मी कळकळीने सांगतोय, मी एकदा एक ड्रायव्हर असाच घालवलाय.

रात्रपाळी

बाहेरून मागवणार असाल तर आणखी एक गोष्ट बघा जी रिव्ह्यूत कुणी बोलत नाही. बऱ्याच टेबलावरच्या अ‍ॅम्पबरोबर येणारा अ‍ॅडॉप्टर जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरवाला असतो, एसी आत एसी बाहेर, आणि तो एकाच व्होल्टेजसाठी गुंडाळलेला असतो. ११५ व्होल्टवाला २३० मध्ये लावला की संपला विषय. पिन बदलायचा कन्व्हर्टर लावून व्होल्टेज बदलत नाही! मोबाइल चार्जरसारखे १००-२४० लिहिलेले असतील ते चालतात. म्हणून मर्यादित पर्याय असणाऱ्याने शक्यतो यूएसबीवर चालणारं घ्यावं, अ‍ॅडॉप्टर गेला तरी कुठेही मिळतो आणि वजन कमी म्हणून कुरियरही कमी.

दुसरं, बिघडलं तर परत पाठवायचा खर्च कोण करणार ते आधी विचारा. माझा एक यूएसबी डॅक (डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारी डबी) वॉरंटीत असूनही पडून आहे, कारण पाठवायचा खर्च नव्याच्या निम्मा होता.

आणि आवाजाबद्दल. ११० हा पीकचा आकडा आहे, तिथे बसून ऐकायचा नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डीबीला ४० तास ही मर्यादा धरते, आणि सरासरी ३ डीबी वाढली की वेळ निम्मी होते. डीटी ९९० मागून उघडा हेडफोन आहे, बाहेरचा आवाज आत येणारच. पंख्यावर मात करायला आवाज वाढवत राहिलात तर कुठलाच अ‍ॅम्प पुरणार नाही आणि कान जातील ते वेगळंच.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

मल्टिमीटर शेजारून आणला. फोनवर डोंगल: ०.३ व्होल्ट. तोच डोंगल लॅपटॉपला: ०.९८!! म्हणजे जुनीतार म्हणाले तेच, फोनच डोंगलला दाबून ठेवत होता आणि मी इतके दिवस हेडफोनला दोष देत होतो. लॅपटॉपवर डोंगलमधून ऐकलं तर किरकिर पूर्ण गेली, तानपुऱ्याच्या मागे आता काहीच नाही, पहिल्यांदा चारही तारा वेगळ्या ऐकल्या. इअरफोन पण शांत चालतात.

जुना अ‍ॅम्प पण लावून पाहिला, डोंगलमधून त्याच्या ऑक्सला. आवाज भरपूर, बेस खरंच जाड झाला, पण डाव्या बाजूला खूप हळू ऐकताना उजवीपेक्षा आवाज कमी येतो.

आता एकच राहिलं. नव्या गाण्यांना १ व्होल्ट पुरतो, पण जुनी मैफलीची रेकॉर्डिंग्ज हळू आवाजात भरलेली आहेत, त्यात मी इक्वलायझरवर बेस ५-६ डीबी वाढवतो, तिथे कमी पडतो. फोनचं काय करू?

जुनीतार

०.३ आणि ०.९८ मध्ये १० डीबीचा फरक आहे, कानाला साधारण दुप्पट-निम्मं वाटण्याइतका. फोनवर यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रोसारखं ॲप डोंगलशी थेट बोलतं आणि आतला व्हॉल्यूम वर नेऊ शकतं, ते करून बघा.

डाव्या बाजूचं कारण व्हॉल्यूमचं पॉट (बटणामागचा फिरता रेझिस्टर) आहे, खालच्या टोकाला दोन्ही बाजू सारख्या चालत नाहीत. लॅपटॉपवर आवाज कमी करा आणि अ‍ॅम्पचं बटण मध्यापर्यंत आणा, जाईल. गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारा) स्विच असलेल्या कुठल्याही अ‍ॅम्पवर लो गेनपासून सुरुवात करायची ती याचसाठी.

इक्वलायझरचं तुम्ही स्वतःच ओळखलंत. बेस ६ डीबी वाढवायचा तर फाटू नये म्हणून सगळा सिग्नल आधी ६ डीबी खाली घ्यावा लागतो, म्हणजे तुमच्या १ व्होल्टचा अर्धाच उरतो. तेव्हा पुढे कधी घेतलंत तर २.५ व्होल्टच्या आसपास देणारा यूएसबी डॅक-अ‍ॅम्प बघा. खोक्यावर ३२ ओहमचाच आकडा असतो बहुतेक, तर सोपी खूण सांगतो, ३२ ओहमला २०० मिलीवॉट लिहिलं असेल तर त्यात २.५ व्होल्ट असतातच. १०० मिलीवॉट लिहिलं असेल तर १.८ व्होल्ट तरी धरा, जास्तही असू शकतात, पण मग २५० किंवा ३०० ओहमचा आकडा शोधल्याशिवाय घेऊ नका.

सोल्डरवाला

आणि ४.४ मिमी बॅलन्स्ड (प्रत्येक कानाला वेगळ्या दोन तारा देणाऱ्या) आउटपुटच्या जाहिरातीतला आकडा या हिशोबात धरू नका. तो दुप्पट व्होल्टेजचा असतो आणि तुमच्या डीटी ९९० ची वायर तीन तारांची आहे, ती आतून बदलल्याशिवाय त्या भोकाचा उपयोग नाही. साध्या ३.५ च्या भोकाचा आकडा बघा.

मंद्रसप्तक

ॲप टाकलं, फोनवर ०.९६ येतंय. मैफलीच्या फाइल्सना सध्या लॅपटॉप, डोंगल आणि जुना अ‍ॅम्प, बटण मध्यावर ठेवून, दोन्ही बाजू सारख्या झाल्या. बेस मुळातच जाड येतो म्हणून इक्वलायझरही काढून टाकला. बाहेरून मागवायचं आता थांबवतोय. सोल्डरवाला, ते सोपं किट कुठलं घ्यावं त्याबद्दल वेगळा धागा काढतो, तिथे या.