‘सीपीडी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : पुण्यातील एका प्रसूतिगृहासाठी मी गरोदर स्त्रियांकरिता मराठी माहितीपत्रक लिहीत आहे. सिझेरियन झालेल्या कित्येकींच्या डिस्चार्ज कार्डावर कारण म्हणून ‘सीपीडी’ एवढेच लिहिलेले असते. ‘सेफॅलोपेल्विक डिसप्रपोर्शन’ या संज्ञेसाठी ‘अरुंद श्रोणी’ हा प्रतिशब्द चालेल का?

उत्तर : कृपया तो वापरू नये. मूळ संज्ञेत बाळाचे डोके आणि आईची श्रोणी (कमरेच्या हाडांचा सांगाडा, ज्यातून बाळ बाहेर येते) असे दोन पक्ष आहेत, आणि त्यांचे प्रमाण एकमेकांशी जुळत नाही एवढेच ती सांगते. ‘अरुंद श्रोणी’ म्हटले की सगळा दोष आईच्या हाडांवर जातो, जो बहुतेक वेळा खरा नसतो. बाळाची हनुवटी छातीला नीट टेकलेली असेल, तर डोक्याचा सुमारे ९.५ सेंटीमीटरचा व्यास वाटेत येतो. मान पुरेशी वाकलेली नसेल, तर त्याच डोक्याचा ११.५ सेंटीमीटरपर्यंतचा व्यास पुढे येऊ शकतो, आणि मग अगदी सर्वसाधारण मापाची श्रोणीही त्याला अपुरी पडते. मुडदूस, जुना अस्थिभंग किंवा जन्मजात व्यंग यांमुळे श्रोणी खरोखरच आकुंचित असते, तेव्हा ‘आकुंचित श्रोणी’ हे वेगळे निदान लिहावे. माझी पसंती ‘शिर-श्रोणी विषमता’ या शब्दाला आहे.

प्रश्न : हा शब्द मुळशी-वेल्ह्याकडून येणाऱ्या बायकांना कळणार नाही. ‘बाई अडली’ हे सगळ्यांना समजते. तेच का लिहू नये?

उत्तर : ‘अडणे’ हा शब्द मलाही फार मोलाचा वाटतो, पण तो परिणामाचा शब्द आहे, कारणाचा नव्हे. कळा जोरदार येत आहेत, पिशवीचे तोंड उघडत आहे, बाळाच्या कवटीची हाडे सांध्यांपाशी एकमेकांवर चढली आहेत, त्याच्या डोक्याला सूज आली आहे आणि तरीही डोके खाली सरकत नाही, अशी स्थिती आली की बाई अडली असे म्हणतात. आडवे मूल असले तरीही बाई अडतेच. (‘आडवे’ आणि ‘अडलेले’ यांची बोलण्यात गल्लत होते, म्हणून पत्रकात दोन्ही शब्द जवळजवळ येऊ देऊ नयेत, ‘पायाळू’ तर त्याहून निराळे.) वेळेत सोडवणूक झाली नाही, तर गर्भाशय फाटण्याची किंवा पुढे मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भगंदर (छिद्र) पडून सतत लघवी गळण्याचा त्रास होण्याची भीती असते, त्यामुळे अडण्याआधी ओळखायच्या कारणाला स्वतंत्र नाव हवेच.

शीर्षकात संज्ञा द्यावी आणि खाली लगेच लिहावे : ‘बाळाचे डोके आणि आईच्या हाडांमधली वाट यांचे माप या बाळंतपणात एकमेकांना जुळले नाही.’ यातले ‘या बाळंतपणात’ हे शब्द कृपा करून गाळू नयेत. विषमता आहे की नाही हे बहुधा कळा सुरू झाल्यावरच, डोके किती खाली येते ते पाहून ठरते. म्हणून सातव्या महिन्यात ‘तुझी हाडाची जागाच कमी आहे’ असे ऐकवले गेलेल्या बाईला, आणि पहिल्या वेळी सीपीडीसाठी सिझेरियन झालेल्या बाईलाही, पुढच्या खेपेस नैसर्गिक प्रसूतीची शक्यता आहे का हे डॉक्टरांना विचारता आले पाहिजे.