वहिनीच्या पीएचडीचं ॲप: नेमकं काय काय काढू?

ऐरोली_सेक्टर८:
नमस्कार मंडळी. पोट भरतो ते बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर, संशोधनातलं ओ की ठो कळत नाही. वहिनी ठाणे खाडीतल्या मासेमारीवर पीएचडी करतेय. दिवा कोळीवाडा, वाशी गाव, चेंदणी असं फिरून कुणाच्या जाळ्यात काय आलं ते लिहून घेते. मागे वही ओहोटीच्या चिखलात पडली, तेव्हापासून "भावोजी, एक साधं ॲप करून द्या" सुरू झालं.

दिलं करून. लॉगिन, डॅशबोर्ड, रंगीत आलेख, चौदा रकाने. पहिल्याच दिवशी काठावर रेंज नाही, ओटीपी येईना. आला तोवर मावशी पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघून गेल्या. वहिनी घरी आली, फोन टेबलावर ठेवला आणि काही न बोलता चहा टाकला. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता काय ठेवू, काय उडवू? आणि दोन फोनवरची माहिती एकत्र कशी आणू?

चिखलातली_पीएचडी:
लॉगिन आधी उडवा. नोंद फोनमध्येच साठवा, रेंज आली की पाठवा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण नेट बंद असलं की पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो. त्यामुळे जागेवाचून फॉर्म अडवू नका. प्रत्येक नोंदीला फोननेच यूयूआयडी द्यावा, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही नोंदीशी न जुळणारी लांबलचक ओळख. १, २, ३ असे क्रमांक दिलेत तर दोन फोनवरच्या ‘१’ एकमेकींच्या उरावर बसतील.

आणि राग मानू नका, पण हे चाक आधीच बनलंय. फॉर्म भरून माहिती गोळा करायची तयार साधनं आहेत: ओडीके २००८ पासून आहे, कोबोटूलबॉक्सही आहे. एक्सेलमध्ये प्रश्न लिहायचे, फॉर्म तयार. मराठीत, रेंजशिवाय.

नौपाड्याची_माई:
मी संख्याशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. विद्यार्थ्यांच्या फायली निस्तरण्यात उमेद गेली म्हणून सांगते. निवटी, निवट्या, निवटे हे संगणकाला तीन वेगळे मासे वाटतात. तेव्हा यादीतून निवडू द्या आणि शेजारी ‘बाई काय म्हणाली’ हा मोकळा रकाना ठेवा. तो मागाहून कुणी ‘शुद्ध’ करायचा नाही! माहितीची सीएसव्ही फाईल (साध्या मजकुरातला तक्ता) यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात काढाल तेव्हा सुरुवातीला बीओएम, म्हणजे तो संकेत ओळखायची खूण, घाला, नाहीतर एक्सेलमध्ये डबलक्लिक केलं की मराठीची खिचडी होते. मराठी कीबोर्डवरून मराठी आकडे आले तर तेही तपासा. एक्सेल त्यांना मजकूर समजून बेरजेतून वगळू शकतं.

पाग_आणि_पायथन:
मी कोळीवाड्यातलाच, नोकरी महापेला. दादा, किलोचा रकाना कशाला? माझ्या आईला किलोत विचारलंत तर ती तुमचं मन राखायला काहीतरी आकडा ठोकून देईल. ती विकते वाट्यांवर. किती वाटे लावले, एक वाटा कितीला गेला, एवढंच विचारा. चार-पाच वाटे वहिनींनी स्वतः काट्यावर तोलून पाहावेत.

तारीखही विचारू नका, ती फोनला ठाऊक असते. आमच्यात हिशेब तिथीचा. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, जाळं त्यावर ठरतं. तारखेवरून तिथी घरी बसून काढता येते.

आणखी एक. घराची जागा पाच दशांश स्थळांपर्यंत साठवलीत तर थेट उंबरा सापडतो, साधारण एका मीटरपर्यंत. मावशीचं नाव लिहिणार नसाल तर तिचं घर कशाला लिहिता? आणि नोंद करण्याआधी ‘चालेल का’ विचारा, तोही रकाना हवा.

ऐरोली_सेक्टर८:
माझं ॲप गुंडाळलं. वाईट वाटलं, आलेख छान होते हो. रविवारी कोबोत सहा प्रश्नांचा फॉर्म केला. वाट्यांचं वाचल्यावर वहिनी म्हणाली, "हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नाही." जुन्या वहीत सगळे किलोच आहेत, त्यांचं काय करायचं यावर आता माईंना विचारायचंय.

तिथीचं तेवढं मी स्वतः लिहितोय. पाग, एक सांगा: तुमच्याकडे भांग नेमका कुठल्या तिथीपासून कुठल्यापर्यंत धरतात?