गिऱ्हा: तुमच्याकडचा कसा होता?

कोकणातल्या भुतांखेतांत देवचाराचा दरारा असतो, मुंज्याला पिंपळ असतो, ब्रह्मसमंधाला त्याचं सोवळं. गिऱ्ह्याकडे यातलं काहीच नाही. बुडून मेलेला माणूस. पाण्याकाठी राहतो, ओळखीच्या आवाजात हाक मारतो, मासे मागतो. पण दिवसभर तो करतो काय, हे कोडं मला लहानपणापासून आहे. ऐकलेलं, अनुभवलेलं, नुसतं मनात रंगवलेलं, सगळं चालेल. लिहा.

कणकवलीकडून
मृगाचा पहिला मोठा पाऊस, चढणीचे मासे. मी 14 वर्षांचा. काका पुढे कोयता घेऊन, मी मागे बॅटरी धरून, व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, परत येत होतो. मागून कोणीतरी पाण्यातून चालत होतं. आम्ही थांबलो की ते एक पाऊल उशिरा थांबायचं. काका मागे न बघता म्हणाले, "घर येयसर तोंड उघडू नको." मग त्यांनी पिशवीतला सगळ्यांत मोठा मासा काढला आणि खांद्यावरून मागे टाकला. आवाज बंद. आवाजाची भीती वाटलीच, पण त्याहून काकांच्या सराईतपणाची वाटली. एसटीत तिकिटाचे पैसे द्यावेत तसा त्यांनी तो मासा दिला होता.

दापोली
आजोळी केसाची गोष्ट चाले. गिऱ्ह्याचा केस हाती लागला की तो तुमचा गडी. सांगाल ते आणून देईल, रातोरात शेत नांगरेल. फक्त रोज मध्यरात्री दाराशी येऊन केस परत मागेल, आणि दिलात तर घराचं वाटोळं. मला तर त्याचीच बाजू पटते. फुकट राबायचं आणि वर स्वतःच्या एका केसासाठी दुसऱ्याच्या अंगणात उभं राहायचं!

घाटावरून
आमच्याकडे डोहात साती आसरा, पाण्यातल्या देवता. त्याही ओढून नेतात म्हणे, पण त्यांची ओटी भरता येते, हळदकुंकू वाहता येतं. तुमच्या गिऱ्ह्याला माशापलीकडे कोणी काही देतं का?

मुंबई, मूळ गाव खाडीकाठी
भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. चार दिवस बाहेरगावी राहिलेला माणूस जुन्याच अंदाजाने खाडी ओलांडायला उतरतो. त्यात अमावास्येचं उधाण असलं तर मध्यावर छातीभर पाणी, पायाखाली चिखल आणि कांदळात कोल्हेकुई. झाला गिऱ्हा! मी हे सगळ्यांना समजावून सांगतो. खाडी ओलांडणारी शेवटची होडी चुकली की पुलावरून 11 किलोमीटरचा वळसा घालून घरी येतो, तो भाग सांगत नाही.

देवगड
आजीचा धाकटा भाऊ होडी उलटून गेला. सापडला नाही. आमच्या गावची शिस्त अशी, की रात्री पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. खरा माणूस तिसऱ्यांदा हाक मारतोच. आजी मात्र पहिल्याच हाकेला "ओ" म्हणायची आणि कंदील घेऊन पायरीवर जाऊन उभी राहायची. बहुतेकदा शेजारचंच कोणी असायचं. कधी कधी कोणीच नसायचं. तरी ती जरा वेळ थांबायची. आम्ही पोरं आतून तिचा पदर ओढायचो.
एकदा धीर करून विचारलं. म्हणाली, "तेका तीन-तीनदा हाका मारूक लावूचा कित्याक? भिजलेलो आसतलो."