मदत हवी आहे: स्क्रॅपबुकच्या पानावर तालमीची माती कशी बसवू?

क्राफ्ट चॅलेंजसाठी 'देश आणि खेळ' या विषयावर १२ बाय १२ इंचाचं पान करतेय. मी साताऱ्याची, त्यामुळे खाशाबा जाधवांशिवाय दुसरं कोणी मनात आलंच नाही. गोळेश्वरचा पैलवान, १९५२ चं हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! मध्ये फोटो, खाली लाल मातीचा पट्टा, कडेला केशरी, पांढऱ्या, हिरव्या कागदाच्या पट्ट्या. (झेंडा मुद्दाम घेतला नाही, त्यावर मजकूर लिहीत नाहीत आणि मला साल लिहायचंच आहे.)

अडलंय मातीपाशी. तालमीतूनच आणलीय, तेल, ताक, हळद मुरलेली. चाळून दोन दिवस उन्हात वाळवली तरी बोटाला ओशट लागते. पांढऱ्या गोंदाने कागद पापडासारखा फुगला. डबल टेपवर बसली, पण पान उभं केलं की झडते आणि पांढऱ्या पट्टीवर तांबूस डाग पडतात. जाड पुठ्ठा चालणार नाही, पान प्लास्टिकच्या कव्हरमध्ये सरकवायचंय. रंग किंवा पॉलिश पेपर सुचवू नका, मातीच हवी. रविवारी द्यायचंय.

तेलकटपणा घालवायला माती आधी तव्यावर भाजून घेऊ का? आणि वरून काय मारलं तर ती झडणार नाही, पण काळपटही पडणार नाही?