शब्दचर्चा: वर्कस्टेशनवरचं 'रेकॉर्ड', आणि सस्टेन की डॅम्पर?

प्रश्न: कीबोर्ड वर्कस्टेशन (वाजवणं, रेकॉर्ड करणं, एडिट करणं सगळं एकाच वाद्यात) नुकतंच घेतलंय. मॅन्युअलमध्ये पेडलला एका पानावर 'डॅम्पर' म्हटलंय, दुसऱ्या पानावर 'सस्टेन'. दोन्ही एकच का? दुसरं असं, की सीक्वेन्सरमध्ये, म्हणजे त्यातल्या रेकॉर्ड करायच्या भागात, पियानोच्या टोनमध्ये वाजवून रेकॉर्ड केलं, मग त्या ट्रॅकचा टोन (वाद्याचा आवाज) बदलला, तर तेच व्हायोलिनमध्ये ऐकू आलं! मग रेकॉर्ड झालं ते काय? याला ध्वनिमुद्रण म्हणायचं का?

उत्तर: नाही, आणि इथे मराठीचा फायदा करून घ्यावा. सीक्वेन्सर ध्वनी साठवतच नाही. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढंच तो लिहून ठेवतो. ती 'नोंद' आहे. वाजवताना वर्कस्टेशन ती नोंद वाचून आवाज नव्याने तयार करतं, म्हणून टोन बदलता येतो, सूर न बदलता लयही कमीजास्त करता येते. १९८८ च्या कॉर्ग एम१ मध्ये सीक्वेन्सरचे ८ ट्रॅक होते, त्यातही अशा नोंदीच असत. पुढच्या अनेक वर्कस्टेशनमध्ये ऑडिओ रेकॉर्डिंगचीही सोय आली. त्यात मात्र प्रत्यक्ष आवाज साठतो, म्हणून 'ध्वनिमुद्रण' हा शब्द तिथे शोभतो. मी शिकवताना हे दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवतो.

आता पेडल. पियानोत अगदी वरचे सूर सोडले तर प्रत्येक सुराच्या तारांवर नमद्याची गादी असते, ती तारेचं कंपन थांबवते. तो डॅम्पर. पेडल दाबलं की सगळ्या गाद्या उचलल्या जातात आणि सूर रेंगाळतात. म्हणजे डॅम्पर हे यंत्रणेचं नाव, सस्टेन हे परिणामाचं. पेडल एकच. पण टोन एडिट करायला गेलात की अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज असे चार शब्द भेटतील. तिथला सस्टेन म्हणजे पट्टी दाबलेली असताना आवाज ज्या पातळीवर स्थिरावतो ती पातळी. त्याचा पेडलशी संबंध नाही. या गोंधळामुळे मला पेडलसाठी 'डॅम्पर' हाच शब्द बरा वाटतो.

प्रश्न: मग पेडलही नोंदीत येतं?

उत्तर: येतं, आणि सुरुवातीला सगळ्यात जास्त चकवतं तेच. मिडीत (वाद्यं अशा नोंदी ज्या भाषेत लिहितात ती) हा ६४ क्रमांकाचा कंट्रोलर. किंमत ० ते ६३ म्हणजे सुटलेलं, ६४ ते १२७ म्हणजे दाबलेलं; हाफ-पेडल, म्हणजे अर्धवट दाबलेलं पेडल, ओळखणारी वाद्यं मधल्या किमतीही वापरतात. समजा, पेडल दाबलेलं असतानाच तुम्ही रेकॉर्डिंग थांबवलंत आणि 'सोडलं' ही नोंद झालीच नाही. मग ऐकताना ऑर्गनचा सूर नुसता चालूच राहतो. ट्रॅकची इव्हेंट यादी उघडा, शेवटी ६४ क्रमांकाची ० किंमत घाला, सूर सुटतो.

क्वान्टाइझचंही, म्हणजे सूर आपोआप नेमक्या मात्रेवर सरकवण्याचंही, तसंच. तुम्ही कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) जरा उशिरा वाजवली, त्याच क्षणी पेडल सोडून पुन्हा दाबलं. क्वान्टाइझने कॉर्ड मात्रेवर ओढली, पेडल मात्र जुन्या जागी राहिलं, तर आधीची कॉर्ड नव्या कॉर्डमध्ये क्षणभर मिसळते. बेसूर वाटतं, पण चूक बोटांची नसते. पियानोचा ट्रॅक असेल तर क्वान्टाइझ न करता तो भाग पुन्हा वाजवावा, असंच मी सांगेन.

आणखी एक उत्तर: सोबत लागणारे शब्द. 'ओव्हरराइट' म्हणजे जुनं पुसून नवं लिहिणं, 'ओव्हरडब' म्हणजे जुनं ठेवून भर घालणं, 'पंच-इन' म्हणजे ठरावीक मात्रांपुरतंच पुन्हा वाजवणं. पेडलच्या नोंदी नंतर वेगळ्याही घालता येतात, ओव्हरडबमध्ये बोटं न लावता फक्त पाय चालवायचा.

प्रश्न: माझं पेडल उलटं चालतंय. सोडलं की सूर रेंगाळतो!

उत्तर: ही 'पोलॅरिटी'. काही पेडलांत स्विच एरवी उघडा असतो, काहींत बंद. अनेक वाद्यं सुरू होतानाच हे तपासतात, म्हणून पेडल आधी जोडा आणि पाय दूर ठेवून पॉवर चालू करा. तरीही उलटंच चाललं तर ग्लोबल किंवा सिस्टीम मेनूत पोलॅरिटी बदला. एक्सप्रेशन पेडल वेगळं, ते आवाजाची पातळी सरकवतं आणि त्याला स्टिरिओ प्लग लागतो. त्याची वायरिंग कंपनीनुसार बदलते, तेव्हा घेण्याआधी मॅन्युअलमधली पेडलांची यादी बघा.